मुस्लिम व्यक्तिगत कायदा व शिक्षण, भारतातील
मुस्लिम व्यक्तिगत कायदा व शिक्षण, भारतातील : भारतातील मुसलमानांचे विवाह, घटस्फोट, मेहेर, पोटगी, पालकत्व, वारसा, दानपत्र, वक्फ इ. बाबींचे नियमन करणारा कायदा आणि त्याच्या अध्ययन-अध्यापनासाठी उभी राहिलेली शिक्षणव्यवस्था. या कायद्याचा आधार कुराण, हदीस, इज्मा (विद्वानांचे मतैक्य) व कियास (साधर्म्यावरून काढलेला निष्कर्ष) हा असला, तरी आज भारतात तो ज्या स्वरूपात आढळतो, ते स्वरूप मुख्यतः अठराव्या ते विसाव्या शतकांतील न्यायालये व विधिमंडळे यांनी घडविलेले आहे. धर्मग्रंथ, जमातीची रूढी आणि शासन या तीन अधिकारस्थानांतील ओढाताण हा या इतिहासाचा गाभा होय. या ओढाताणीत बहुतेक वेळा प्रश्न निघाला तो कन्येच्या वाट्याचा, विधवेच्या हक्काचा वा टाकलेल्या स्त्रीच्या पोटगीचा.

ब्रिटिशपूर्व काळ : मोगल साम्राज्यात फौजदारी न्याय सामान्यतः इस्लामी विधिशास्त्रानुसार चाले. औरंगजेबाच्या आज्ञेवरून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झालेला फतावा-इ-आलमगीरी हा हनफी मतांचा प्रचंड संग्रह त्या काळातील विधिविचाराचे प्रमाण मानला जातो. बुऱ्हाणपूरचे शेख निजाम हे त्याच्या संपादकमंडळाचे प्रमुख होते. तथापि हा ग्रंथ म्हणजे आजच्या अर्थाने संहिता नव्हे. त्यात एकाच प्रश्नावर निरनिराळ्या आचार्यांची मते शेजारीशेजारी दिलेली आढळतात आणि त्यांतून निवड करण्याचे काम मुफ्ती व काजी यांच्यावर सोपविलेले असते. हिंदूंचे आपापसांतील दिवाणी व जातिविषयक तंटे त्यांच्या पंचायतींकडे व शास्त्र्यांकडे जात. दख्खनमधील चित्र याहूनही मिश्र होते. आदिलशाही व निजामशाही अमदानीतील अनेक मराठी महजरांवर देशमुख, देशपांडे, पाटील यांच्याबरोबर काजीचेही नाव वा शिक्का दिसतो. वतनाचा तंटा हिंदू कुटुंबांमधील असला, तरी काजी सभेस हजर असे आणि निर्णय बहुधा गोताच्या साक्षीवर व स्थानिक वहिवाटीवर होई. मराठी राज्यातही काजींची वतने चालू राहिली. गावगाड्यात मुलाण्याला हक्क होते. धर्मनिहाय कायदा आणि स्थळनिहाय रूढी यांच्यात त्या काळी काटेकोर रेषा आखलेली नव्हती. ती आखली गेली पुढे, आणि ती आखणारे बहुतांशी परके होते.

हेस्टिंग्जची योजना व ग्रंथांचे इंग्रजीकरण : वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये बंगालसाठी न्यायदानाची जी योजना केली, तीत वारसा, विवाह, जात आणि अन्य धार्मिक आचार यांसंबंधीच्या दाव्यांत मुसलमानांना कुराणाचा व हिंदूंना शास्त्रांचा कायदा लावावा, असे ठरविण्यात आले. भारतातील व्यक्तिगत कायद्यांच्या व्यवस्थेची ही पायाभरणी होय. वरवर पाहता यात सहिष्णुता होती व काही अंशी ती खरीही होती. परंतु या तरतुदीने दोन गोष्टी गृहीत धरल्या. एक म्हणजे प्रत्येक भारतीय हिंदू किंवा मुसलमान यांपैकी एका कप्प्यात नेमका बसतो आणि दुसरी म्हणजे त्याचे जीवन त्याच्या धर्मग्रंथानुसार चालते. या दोन्ही गृहीतकांना पुढे मुंबईत जबर धक्का बसावयाचा होता.

न्यायाधीश इंग्रज आणि कायदा अरबी, यामुळे प्रारंभी दिवाणी अदालतींना मौलवी व पंडित जोडून देण्यात आले. मौलवीने फतवा द्यावा व न्यायाधीशाने तदनुसार हुकूमनामा करावा, अशी पद्धत होती. असे विधिज्ञ तयार व्हावेत, या हेतूने कलकत्त्यातील मुसलमान प्रतिष्ठितांच्या विनंतीवरून हेस्टिंग्जने १७८० मध्ये कलकत्ता मदरसा स्थापन केला. म्हणजे ब्रिटिश भारतातील शासनाच्या आश्रयाखालील ही आरंभीची शिक्षणसंस्था मुळात न्यायालयांना कर्मचारी पुरविण्यासाठी निघाली होती. बनारसच्या संस्कृत पाठशाळेचा (१७९१) हेतूही बराचसा असाच होता.

तथापि देशी विधिज्ञांवर विसंबून राहणे इंग्रज न्यायाधीशांना रुचत नव्हते. त्यांना हाती धरता येईल असा ग्रंथ हवा होता. बाराव्या शतकातील हनफी विधिज्ञ मर्गीनानी याच्या हिदाया या ग्रंथाचा चार्ल्स हॅमिल्टनने केलेला इंग्रजी अनुवाद १७९१ मध्ये प्रसिद्ध झाला. हा अनुवाद मूळ अरबीवरून नव्हे, तर मौलवींनी त्यासाठी तयार केलेल्या फार्सी रूपावरून केलेला होता; त्यामुळे मूळ ग्रंथ व न्यायासन यांच्यामध्ये दोन भाषांतरांचे अंतर पडले. सर विल्यम जोन्सने वारसाविषयक सिराजिया या ग्रंथाचा अनुवाद १७९२ मध्ये प्रसिद्ध केला. नील बेलीचा सारसंग्रह १८६५ मध्ये आला. या मोजक्या अनुवादित ग्रंथांवर पुढील शंभर वर्षांचे न्यायनिर्णय उभे राहिले. मुफ्तीला परिस्थिती पाहून मतांची निवड करता येत असे. न्यायालयाला पूर्वनिर्णयाचे बंधन असल्याने ती मोकळीक उरली नाही. ‘अँग्लो-मोहमेडन कायदा’ म्हणून जो ओळखला जातो, तो या प्रक्रियेतून जन्मला. त्याला केवळ शरीयत म्हणणे इतिहासाला धरून होत नाही. फौजदारी कायद्यातील इस्लामी अंश क्रमाक्रमाने कमी होत गेला व भारतीय दंड संहिता (१८६०) १८६२ पासून अंमलात आल्यावर तो नाहीसा झाला. १८६४ च्या अधिनियमाने न्यायालयांतील काजी व अन्य देशी विधिज्ञांची पदे रद्द करण्यात आली. निकाह लावण्यासारख्या कामांपुरती काजींची नेमणूक करण्याची तरतूद १८८० मध्ये पुन्हा करावी लागली. पण त्या काजीला न्यायदानाचा अधिकार नव्हता.

मुंबई इलाखा, खोजे व मेमन : मुंबई इलाख्याने बंगालहून काहीशी वेगळी वाट धरली. मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत (१८१९–२७) जातींच्या रूढींची पद्धतशीर माहिती गोळा करण्याचे काम हाती घेण्यात आले. दख्खनमध्ये आर्थर स्टीलने व गुजरातेत हॅरी बोराडेलने ते केले. १८२७ च्या चौथ्या विनियमात, कंपनीच्या न्यायालयांनी पार्लमेंटचे अधिनियम व शासनाचे विनियम यांच्या अभावी प्रथम देशाची रूढी पहावी, ती नसल्यास प्रतिवादीचा कायदा लावावा आणि तोही नसल्यास न्याय, समता व सद्‌सद्‌विवेक यांवर निर्णय करावा, असा क्रम घालून देण्यात आला. धर्मग्रंथापेक्षा रूढीला दिलेले हे अग्रस्थान म्हणजे मुंबईचे वैशिष्ट्य होते. हा विनियम मुंबई शहराला लागू नव्हता. तेथे १८२३ च्या सनदेने स्थापन झालेले सर्वोच्च न्यायालय (सुप्रीम कोर्ट) होते. त्या न्यायालयापुढेच हा प्रश्न अत्यंत तीव्र स्वरूपात उभा राहिला.

कच्छ, काठेवाड व सिंध या प्रदेशांतून मुंबईत येऊन व्यापारात पुढे आलेल्या खोजा व कच्छी मेमन या जमाती मुसलमान होत. परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज बहुतांशी लोहाणा होते. मेमन सुन्नी, तर खोजे पीर सद्रुद्दीन यांच्या उपदेशाने धर्मांतरित झाल्याचे सांगितले जाते. या दोन्ही जमातींत मुलींना बापाच्या संपत्तीत वाटा देण्याची चाल नव्हती; लग्न होईपर्यंत निर्वाह व लग्नाचा खर्च एवढाच त्यांचा हक्क समजला जाई. कुराणानुसार मुलीला मुलाच्या निम्मा का होईना, पण निश्चित वाटा मिळतो आणि अपत्य असलेल्या विधवेला एक-अष्टमांश. या आधारावर खोजा मुलींनी आपल्या बापाच्या मालमत्तेत हिस्सा मागितला आणि मेमन जमातीतूनही तसाच दावा आला. १८४७ मध्ये सर अर्स्किन पेरी याने या दाव्यांचा एकत्र निर्णय दिला. सनदेतील कलमाचा हेतू कुराणाचा विशिष्ट मजकूर लादण्याचा नसून येथील लोकांचे प्रचलित कायदे व आचार जसे आढळले तसे राखण्याचा होता. दीर्घकाळ चालत आलेली रूढी सिद्ध झाली आहे. सबब तीच लागू, असे त्याने ठरविले. स्त्रियांना वारशातून वगळणारी रूढी अवाजवी म्हणता येणार नाही, कारण इंग्लंडच्या स्थावर मालमत्तेच्या कायद्यातही पुत्रांना अग्रक्रम आहे, असेही त्याने प्रतिपादिले. मुलींचे दावे फेटाळले गेले.

या निर्णयाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. धर्माचे नाव घेतले की आचार आपोआप ठरतो, हे हेस्टिंग्जच्या योजनेतील गृहीतक पेरीने मोडीत काढले, ही त्याची थोर बाजू. भिन्न चालीरीतींच्या समाजाला समजून घेण्याची ती अधिक खरी रीत होती, यात शंका नाही. परंतु रूढी म्हणजे काय हे सिद्ध करण्यासाठी जे साक्षीदार न्यायालयात आले, ते साहजिकच जमातीतील वजनदार पुरुष होते. जमातीचे म्हणणे म्हणून जे नोंदले गेले, ते जमातीतील अर्ध्यांचे म्हणणे होते आणि दावा तर उरलेल्या अर्ध्यांपैकी काहींनी लावला होता. जमातीच्या स्वायत्ततेचा आदर करताना जमातीच्या आतील दुर्बळाचे काय होते, हा आजही जगभर बहुसांस्कृतिकतेच्या चर्चेत विचारला जाणारा प्रश्न मुंबईच्या न्यायालयात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच उपस्थित झाला होता.

खोजांची जमात पुन्हा न्यायालयात आली ती वेगळ्या कारणाने. इराणातून आलेले पहिले आगाखान हसन अली शाह (१८०४–८१) यांचा जमातीवरील अधिकार व जमातीच्या मालमत्तेवरील हक्क काही खोजांनी अमान्य केला. ‘आगाखान खटला’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या या दाव्याचा निकाल सर जोसेफ आर्नोल्ड याने नोव्हेंबर १८६६ मध्ये दिला. खोजे मुळात सुन्नी की शिया, हा प्रश्न सोडविण्यासाठी न्यायाधीशाला इस्माइली पंथाचा इतिहास, सद्रुद्दीनाची परंपरा आणि विष्णूच्या दहाव्या अवताराच्या जागी अलीला मानणारा दसावतार हा जमातीचा ग्रंथ या सर्वांचा धांडोळा घ्यावा लागला. खोजे हे शिया इमामी इस्माइली असून आगाखान हे त्यांचे इमाम होत, असा निर्णय झाला. एका इंग्रज न्यायाधीशाने एका भारतीय जमातीचा पंथ कोणता, हे ठरवावे, हा प्रकार विलक्षणच म्हटला पाहिजे. मात्र पंथ ठरला तरी वारसा बदलला नाही. १८७५ मध्येही मुंबईच्या उच्च न्यायालयाने खोजांच्या वारसाविषयक बाबींत हिंदू कायद्यासारखीच रूढी मान्य केली. इतरत्र, विशेषतः पंजाबात, १८७२ च्या अधिनियमाने रूढीलाच पहिले स्थान दिलेले असल्याने तेथील जमीनदार मुसलमान घराण्यांतही कन्या वारशाबाहेर राहिल्या. उत्तर मलबारात याउलट मरुमक्कत्तायम् या मातृवंशीय पद्धतीने मुसलमान कुटुंबांचा वारसा चाले.

वक्फ, शरीयत व विधिमंडळ : विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुसलमानांतील इंग्रजीशिक्षित वर्ग व उलेमा हे दोघेही, निरनिराळ्या कारणांनी, ग्रंथोक्त कायद्याकडे वळले. याचा पहिला प्रसंग वक्फाचा. आपल्या वंशजांच्या हितार्थ केलेला वक्फ, त्यातील धर्मादाय भाग नाममात्र असल्यास अवैध होय, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १८९४ मध्ये दिला होता. त्याविरुद्ध शिबली नोमानी प्रभृतींनी मोहीम केली आणि मुंबईच्या मुसलमानांचे प्रतिनिधी म्हणून मध्यवर्ती विधिमंडळात गेलेले महंमद अली जिना यांनी मांडलेले विधेयक १९१३ मध्ये संमत होऊन असे वक्फ वैध ठरले. कौटुंबिक वक्फामुळे मालमत्ता अखंड राही; परंतु काही ठिकाणी तिच्या आधारे कन्यांचा वाटा चुकविलाही जाई. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती अधिनियमात, कौटुंबिक वक्फामुळे स्त्रियांसह कोणत्याही वारसाचा वारसाहक्क हिरावला जाता कामा नये, अशी तरतूद घालण्यात आली, ती या जुन्या व्यवहाराला उद्देशून.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे १९३७ चा मुस्लिम व्यक्तिगत कायदा (शरीयत) अंमल अधिनियम. त्याच्या उद्देशपत्रात रूढीच्या कायद्याखाली मुसलमान स्त्रियांची स्थिती लाजिरवाणी असल्याचे आणि स्त्रियांच्या संघटनांनी तिचा निषेध केल्याचे नमूद आहे. ज्या ग्रंथोक्त कायद्याचा आधार १८४७ मध्ये मुंबईच्या मुलींनी घेतला होता, तोच आता विधिमंडळाने, निदान कागदावर, सर्वांना लागू केला. विनामृत्युपत्र वारसा, विवाह, तलाक, मेहेर, पालकत्व, दान, वक्फ इ. बाबींत रूढी विरुद्ध असली, तरी शरीयतच लागू होईल, असे कलम दोनमध्ये सांगितले आहे. या अधिनियमाला दोन मोठी भगदाडे होती. शेतजमीन त्यातून वगळण्यात आली. १९३५ च्या भारत सरकार अधिनियमाप्रमाणे तो विषय प्रांतांचा होता, हे तांत्रिक कारण. पंजाबातील जमीनदारांचा विरोध हे राजकीय कारण. ज्या देशात संपत्ती म्हणजे मुख्यतः शेतजमीन, तेथे या अपवादाने अधिनियमाचा बराचसा जीवच काढून घेतला. दुसरे म्हणजे दत्तक व मृत्युपत्र यांबाबतीत शरीयत लागू होण्यासाठी व्यक्तीने स्वतः जाहीर निवेदन करणे आवश्यक ठेवले गेले. या सवलतीसाठी आग्रह धरणारे जिना स्वतः खोजा होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. कच्छी मेमनांना १९२० च्या अधिनियमाने ऐच्छिक निवेदनाची मुभा होती. १९३८ च्या अधिनियमाने सर्व कच्छी मेमन वारशाच्या बाबतीत मुस्लिम कायद्याखाली आले. शेतजमिनीचा अपवाद मद्रासमध्ये १९४९ च्या दुरुस्तीने दूर करण्यात आला, पण उत्तर भारतात तो दीर्घकाळ राहिला.

मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियम (१९३९) हा त्याहून अधिक धाडसी होता. हनफी मतानुसार पत्नीला न्यायालयाकडून घटस्फोट मिळविण्यास फारसा वाव नव्हता. त्यामुळे छळाला कंटाळलेल्या काही स्त्रिया, धर्मत्यागाने विवाह आपोआप संपुष्टात येतो या नियमाचा आधार घेऊन, इस्लामच सोडत. देवबंद परंपरेतील अश्रफ अली थानवी यांनी यावर तोड म्हणून या बाबतीत मालिकी मत स्वीकारता येईल, असे प्रतिपादन केले. त्या आधारावर काजमी यांनी आणलेले विधेयक संमत झाले. पती चार वर्षे बेपत्ता असणे, दोन वर्षे पोटगी न देणे, सात वा अधिक वर्षांचा कारावास, क्रूरता इ. कारणांसाठी पत्नीला घटस्फोट मागता येऊ लागला. केवळ धर्मत्यागाने विवाह संपत नाही, हेही त्याच अधिनियमाने स्पष्ट केले. एका मताच्या आचार्यांचा नियम दुसऱ्या मताच्या अनुयायांना लावण्याचा हा प्रयोग उलेमांच्या संमतीने झाला. मुस्लिम कायदा अपरिवर्तनीय आहे, असे त्याचे टीकाकार व समर्थक दोघेही जेव्हा म्हणतात, तेव्हा हा अधिनियम सोयीस्करपणे विसरला जातो.

मुंबईचा या कायद्याच्या अभ्यासाशी असलेला संबंध येथे नोंदविला पाहिजे. भारतीय न्यायालयांत सर्वांत अधिक उद्‌धृत होणारे मुस्लिम कायद्याचे पाठ्यपुस्तक दिनशा फरदुनजी मुल्ला या पारशी विधिज्ञाने लिहिले. फैज बद्रुद्दीन तय्यबजी यांचा ग्रंथ १९१३ मध्ये आणि माथेरान येथे जन्मलेले व मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले आसफ अली असगर फैजी (१८९९–१९८१) यांचा ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. इस्माइली विधिशास्त्राचे अधिकारी अभ्यासक असलेल्या फैजींनी धर्म व कायदा यांची क्षेत्रे वेगळी ओळखावीत, असा विचार आयुष्यभर मांडला.

शिक्षण : कायद्यात घडलेल्या बदलांचे पडसाद शिक्षणात उमटणे अपरिहार्य होते. १८३७ मध्ये न्यायालयांतून फार्सी गेली, १८६४ मध्ये देशी विधिज्ञांची पदे गेली. मदरशात शिकलेल्या विद्वानाला शासनाच्या दारी काम उरले नाही. १८६६ मध्ये महंमद कासिम नानौतवी व त्यांचे सहकारी यांनी स्थापन केलेल्या देवबंदच्या दारुल उलूमने शासकीय अनुदान वर्ज्य मानले व लोकवर्गणीवर संस्था चालविली. तेथील फतवे कोणत्याही न्यायालयासाठी नव्हे, तर प्रश्न विचारणाऱ्या सामान्य मुसलमानासाठी असत. काजी गेला, तेव्हा त्याची जागा शासनाने पुरतेपणी भरली नाही. ती पोस्टाने येणाऱ्या फतव्यांनी भरून काढली. सर सय्यद अहमदखान यांचे अलीगढ येथील विद्यालय (१८७५) व महाविद्यालय (१८७७) ही दुसरी दिशा होय. १९२० मध्ये त्याचे विद्यापीठात रूपांतर झाले.

मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी (१८४४–१९०६), त्यांचे बंधू कमरुद्दीन व अन्य सहकारी यांनी १८७४ मध्ये अंजुमन-इ-इस्लाम ही संस्था स्थापन केली. येथील मुसलमान समाज एकजिनसी नव्हता. बोहरा, खोजा, मेमन यांची भाषा गुजराती वा कच्छी, कोकणी मुसलमानांची कोकणी-मराठी, दख्खनी मुसलमानांची दख्खनी उर्दू. अशा समाजाच्या शिक्षणाचे माध्यम कोणते असावे, हा वाद दीर्घकाळ चालला. उर्दूला सर्व मुसलमानांची भाषा मानण्याचा कल वाढत गेला आणि घरी मराठी बोलणारी कोकणातील मुले शाळेत उर्दू शिकू लागली. अल्पसंख्याकांची अस्मिता राखणे व त्यांना प्रादेशिक व्यवहारात समान संधी देणे या दोन इष्ट गोष्टी नेहमीच एकत्र नांदत नाहीत, याचे हे जवळचे उदाहरण होय.

स्वातंत्र्योत्तर काळ : भारताच्या संविधानात अनुच्छेद २५ ते २८ यांनी धर्मस्वातंत्र्य, २९ व ३० यांनी अल्पसंख्याकांचे सांस्कृतिक व शैक्षणिक हक्क आणि ४४ ने समान नागरी संहितेचे निदेशक तत्त्व घोषित केले. संविधानसभेच्या उपसमितीत मिनू मसानी, राजकुमारी अमृत कौर व हंसा मेहता यांनी समान संहिता हा न्यायालयात बजावता येईल असा हक्क असावा, असे मत नोंदविले. ते मान्य झाले नाही. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी सभेत या विषयावर चर्चा झाली. महंमद इस्माइल, पोकर साहेब इ. सदस्यांनी व्यक्तिगत कायदा अबाधित राखणाऱ्या दुरुस्त्या सुचविल्या. डॉ. भीमराव आंबेडकर यांनी उत्तरादाखल सांगितले, की मुस्लिम कायदा देशभर सनातन काळापासून एकरूप आहे हा समज चुकीचा आहे. १९३५ पर्यंत वायव्य सरहद्द प्रांतातील मुसलमान वारशात हिंदू कायदा पाळत होते आणि मुंबईसह अनेक प्रांतांत १९३७ पर्यंत तीच स्थिती होती. त्याचबरोबर भावी संसदेने प्रारंभी अशी संहिता स्वेच्छेने स्वीकारणाऱ्यांनाच लागू करावी, असा मार्गही त्यांनी सुचविला. या भाषणाचा पहिला भाग एका पक्षाकडून व दुसरा दुसऱ्या पक्षाकडून उद्‌धृत होतो. संपूर्ण भाषण क्वचितच.

१९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नरसू अप्पा माळी खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. हिंदूंना द्विभार्याप्रतिबंध करणारा १९४६ चा मुंबईचा अधिनियम मुसलमानांना लागू नाही, सबब तो समतेच्या तत्त्वाला बाधक आहे, असा आक्षेप होता. मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला व न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी तो फेटाळला. समाजसुधारणा टप्प्याटप्प्याने होऊ शकते, असे त्यांनी म्हटले आणि व्यक्तिगत कायदे अनुच्छेद १३ मधील ‘कायदा’ या संज्ञेत येत नाहीत, असेही ठरविले. या दुसऱ्या विधानाने व्यक्तिगत कायद्यांभोवती जी तटबंदी उभी केली, ती पुढे अनेक दशके टिकली.

सुधारणेची मागणी समाजातूनच येण्याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातील आहे. चिपळूणजवळील मिरजोळीचे हमीद दलवाई (१९३२–७७) हे मराठी कथाकार व पत्रकार. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला. तोंडी तलाक व बहुपत्नीकत्व बंद व्हावे आणि समान नागरी कायदा यावा, या मागण्या होत्या. मोर्चात स्त्रिया केवळ सातच, हे त्या वेळी अनेकांना उपहासाचे वाटले. परंतु मुसलमान स्त्रियांनी रस्त्यावर येऊन अशी मागणी करणे ही अपूर्व घटना होती. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. नावातील ‘सत्यशोधक’ हा शब्द महात्मा फुल्यांच्या परंपरेशी जाणीवपूर्वक नाते सांगणारा होता. मुसलमान मुलांनी प्रादेशिक भाषेतून शिक्षण घ्यावे, हाही दलवाईंचा आग्रह होता. त्यांना समाजात अनुयायी थोडे मिळाले व विरोध तीव्र झाला.

२३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाहबानो खटल्यात, इंदूर येथील घटस्फोटित वृद्धेस फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगीचा हक्क आहे, असा निर्णय दिला. त्याविरुद्ध उठलेल्या आंदोलनापुढे नमते घेऊन संसदेने १९८६ मध्ये पतीची जबाबदारी इद्दतीच्या मुदतीपुरती मर्यादित करणारा अधिनियम केला, असे सर्वसाधारणपणे समजले गेले. पण २००१ मध्ये दानियल लतिफी खटल्यात त्याच न्यायालयाने त्या अधिनियमाचा अर्थ असा लावला, की पतीने इद्दतीच्या मुदतीत पत्नीच्या संपूर्ण भवितव्याची वाजवी व न्याय्य तरतूद केली पाहिजे. ज्या अधिनियमाने हक्क काढून घ्यावयाचा, त्यातूनच तो परत मिळाला. जुलै २०२४ मध्ये कलम १२५ चा मार्गही मुसलमान घटस्फोटितेस खुला असल्याचे न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले. तत्पूर्वी २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो खटल्यात एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी अवैध ठरला व २०१९ च्या अधिनियमाने तो तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा झाला. तलाक अवैध, म्हणून विवाह कायम. आणि पती मात्र तुरुंगात, तर पत्नीच्या निर्वाहाचे काय, असा आक्षेप या अधिनियमावर स्त्री-संघटनांतूनही घेतला गेला.

शिक्षणक्षेत्रातील न्यायनिर्णयही याच काळात बदलत गेले. अलीगढ विद्यापीठ अधिनियमाने निर्माण झाले असल्याने ते मुसलमानांनी स्थापन केलेले नाही, असे १९६७ मध्ये अजीज बाशा खटल्यात ठरले होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी हा निर्णय रद्दबातल करून संस्थेचे मूळ प्रवर्तक कोण, हे पाहण्याची कसोटी घालून दिली. त्याच आठवड्यात, ५ नोव्हेंबर रोजी, उत्तर प्रदेशचा मदरसा शिक्षण अधिनियम मुख्यतः वैध ठरला. मात्र कामिल व फाजिल या उच्च पदव्या देण्याची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याशी विसंगत म्हणून रद्द झाली. मदरशांतील शिक्षणाच्या दर्जाचे नियमन राज्याला करता येते, पण ते संस्थेचे अल्पसंख्य स्वरूप नष्ट न करता, असे न्यायालयाने म्हटले.

गोवा : गोव्याची परिस्थिती या सर्वांहून भिन्न आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून तेथे अंमलात आली आणि १९६१ मधील मुक्तीनंतरही ती चालू ठेवण्यात आली. विवाहाची नागरी नोंदणी, पतिपत्नींची सामान्यतः सामाईक मालमत्ता आणि मुलगा-मुलगी यांना सारखा वारसा ही तिची प्रमुख अंगे. १९३७ चा शरीयत अधिनियम गोव्यास लागू करण्यात आला नाही. तेथील मुसलमान पुरुषास नोंदणीकृत विवाह असता दुसरा विवाह वा तोंडी तलाक करता येत नाही, याचा उल्लेख सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये केला. ही संहितासुद्धा सर्वस्वी एकरूप नव्हती. गोव्यातील हिंदूंच्या रूढींसाठी १८८० मध्ये वेगळी आज्ञप्ती काढण्यात आली होती आणि तीत ठरावीक परिस्थितीत दुसऱ्या विवाहास मुभा ठेवलेली होती. उत्तराखंड राज्याने २०२४ मध्ये केलेली समान नागरी संहिता २७ जानेवारी २०२५ पासून अंमलात आली. तीत कन्येस पुत्राइतकाच वाटा आहे. अनुसूचित जमातींना मात्र ती लागू नाही.